दूध पिताना कपाळाला घाम

सकाळी ६.३०

मे महिन्याच्या अखेरीस ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली सकाळ आठलाच संपते. पुढे ऊन असं चढतं, की पारा पंचेचाळिशीच्या वर कधी गेला हे बघायलाही कोणी दाराबाहेर येत नाही. त्यामुळे आईबापांचे निरोपही भल्या पहाटे येतात. आजचा पहिला भिंडहून. व्हॉट्सॅपवर वीस सेकंदांचा व्हिडिओ, झोपलेलं बाळ, आणि खाली एक ओळ : 'मॅडम, पसली चल रही है, फिर से निमोनिया है क्या?'

फिर से? तीन महिन्यांच्या बाळाला तिसऱ्यांदा न्यूमोनिया, हे काही मला पटत नाही. मी उलट कळवलं : झबलं काढा, बाळ झोपलेलं असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस; याच्या वर आकडा गेला की बाळ दाखवायलाच हवं. उत्तर आलं, अडुसष्ट. ताप? नाही. सर्दी, खोकला? नाही. मग माझा ठरलेला प्रश्न : दूध पिताना कपाळाला घाम येतो का?

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात घाम कोणाला येत नाही, असं कोणी म्हणेल. म्हणून पुढचं विचारते. कूलरसमोर बसून पाजतानाही? दोन घोट ओढून थांबतं का? दम घेऊन परत दोन घोट, आणि पोट भरायच्या आत थकून झोपतं? तान्ह्या बाळाच्या आयुष्यात दूध ओढणं हेच सगळ्यांत मोठं कष्टाचं काम. हृदय कमी पडत असेल तर ते आधी तिथे कळतं. आईने लिहिलं, 'हां, मगर सबने कहा गरमी है.' अकरा वाजता घेऊन या, असं सांगून मी चहा टाकला.

सकाळी ८.३०

जयेंद्रगंजाजवळच्या एका प्रसूतिगृहात नवजात बाळांची फेरी. इथे मी एक हट्ट धरला आहे. जन्मानंतर चोवीस तास झाले, की घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायचा. दोन्हीकडे ९५ किंवा त्याहून जास्त हवं आणि दोन आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक नको. कुठेही नव्वदच्या खाली दिसलं तर वाट न बघता पुढच्या तपासण्या. कोविडच्या दिवसांत घरोघरी जे यंत्र होतं तेच हे, फक्त पट्टी बाळाच्या मापाची. खर्च नाही, टोचणं नाही, पाच मिनिटांचं काम.

आज एका मराठी आजींनी हटकलंच. "अहो डॉक्टरीणबाई, पोर गोरीपान आहे, हातपाय तेवढे जरा निळसर. थंडीने असेल. हे बोटाला कशाला लावताय?" त्यांचं अर्धं बरोबर होतं. पहिल्या दिवशी हातपाय निळसर दिसणं साधी गोष्ट आहे. बघायची ती जीभ आणि हिरड्या. सावळ्या बाळाच्या कातडीवर निळेपणा कळत नाही; गोऱ्या बाळातही ऐंशीच्या घरात उतरेपर्यंत डोळ्यांना फसवतो. यंत्र फसत नाही.

उजवाच हात का, तेही त्यांना सांगितलं. पोटात असताना बाळाची फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणून फुप्फुसांकडे जाणारी नळी आणि अंगभर जाणारी महारोहिणी यांना जोडणारी एक वाट उघडी असते. जन्मानंतर दोनतीन दिवसांत ती मिटते. उजव्या हाताला रक्त या वाटेच्या आधीच्या फांदीतून जातं, पायाला नंतरच्या. दोन्हींत फरक दिसला तर मधे काहीतरी गडबड. काही बाळांचं सगळं आयुष्य या उघड्या वाटेवरच चाललेलं असतं. मोठ्या रक्तवाहिन्यांची जागाच अदलाबदल झालेली असते, किंवा महारोहिणी एका ठिकाणी आवळलेली असते. अशी बाळं जन्मतः चांगली रडतात, दूध पितात, तिसऱ्या दिवशी पेढे वाटून घरी जातात आणि वाट मिटली की चोवीस तासांत होत्याचं नव्हतं होतं. वेळेत कळलं तर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाने ती वाट उघडी ठेवता येते आणि बाळ मोठ्या केंद्रात पोचतं. म्हणून ऑक्सिमीटर, आणि म्हणूनच जांघेतली नाडीही मी बोटाने चाचपते.

आजींच्या नातीचे आकडे ९८ आणि ९७. त्यांनी यंत्रालाच नमस्कार केला.

सकाळी १०.३० ते दुपारी २

ओपीडी. सगळ्यांत आधी एक शाळकरी मुलगा, दालबाजारातल्या हमालाचा. शिबिरात कोणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावून 'दिल में आवाज़ है' सांगितलं आणि तेव्हापासून घरच्यांनी त्याचं पळणं, पतंग, क्रिकेट सगळं बंद केलंय. मी आडवं निजवून ऐकलं, बसवून ऐकलं. आडवा असताना तंबोऱ्याच्या तारेसारखा नाजूक सूर, उठून बसला की जवळपास नाहीसा. नाडी, वजन, रक्तदाब, ऑक्सिजन सगळं ठीक. हा निरुपद्रवी मर्मर. तीन ते सात वर्षांच्या मुलांत हा इतक्यांदा ऐकू येतो, की तो आजारच नाही. तापात जरा मोठा होतो इतकंच. बापाला लिहून दिलं : हृदय उत्तम, खेळू द्यावं. अशी चिठ्ठी मी मुद्दाम सही-शिक्क्यानिशी देते. नसलेला आजार अंगावर घेऊन मोठी झालेली मुलंही मी पुष्कळ पाहिली आहेत.

आवाजाबद्दल आणखी एक उलटं सत्य. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर भोक जितकं लहान, तितका आवाज मोठा. लहान भोकाचा गोंगाट सगळ्यांना ऐकू येतो आणि घर हादरतं, पण अशी पुष्कळ भोकं पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. मोठं भोक मात्र गुपचूप असतं. आणि मोठं भोक म्हणजेच अकरा वाजता भिंडहून आलेलं बाळ.

तीन महिन्यांचं, वजन ३ किलो ४००. जन्मतः २ किलो ८०० होतं. या वयात बाळाने दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चढायला हवं. याचं तीन महिन्यांत सहाशे. बरगड्यांखाली यकृत तीन बोटं हाताला लागतंय, छाती भराभर चालतेय, पण चेहरा प्रसन्न. दोनदा दवाखान्यात राहून अँटिबायोटिक झालेली. पहिला महिना बाळ बरं कसं होतं, हा आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे. जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे भोकातून फारसं रक्त तिकडे लोटत नाही. त्या सैल पडल्या, की डावीकडचं रक्त भोकातून फुप्फुसांत पूर आल्यासारखं जातं. धाप लागते, घाम फुटतो, वजन थांबतं. एक्सरेत फुप्फुसं पांढुरकी दिसतात, आणि पुन्हा न्यूमोनिया लिहिला जातो. कधीकधी खरा न्यूमोनियाही असतो, कारण ओलसर फुप्फुसांत जंतू लवकर घर करतात. तरी तिसऱ्यांदा 'न्यूमोनिया' लिहिण्याआधी डॉक्टरांनी एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा, हे माझं आमच्या सगळ्या व्यवसायबंधूंना सांगणं आहे.

आईला वाटलं होतं, मी वजन वाढवायचं टॉनिक देईन. हा आणखी एक जुना समज : आधी वजन वाढू दे, मग ऑपरेशन. मोठ्या भोकाचं बाळ भोक असेपर्यंत वजन धरत नाही, कारण दुधातली सगळी शक्ती धापेतच खर्च होते. फ्युरोसेमाइडसारख्या औषधांनी, दूध काढून बोंडल्याने पाजण्याने काही आठवडे रेटता येतात. त्या आठवड्यांत तारीख मिळवायची, वजनाची वाट बघायची नाही. फार थांबलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात, दाब चढतो, रक्त उलटं वाहू लागतं आणि मूल निळं पडतं. त्यानंतर भोक बुजवणं धोक्याचं ठरतं. व्हिक्टर आयझेनमेंगरने ही अवस्था १८९७ साली लिहून ठेवली. आज, सव्वाशे वर्षांनंतर, ती माझ्या ओपीडीत दिसावी याचं कारण विज्ञान नव्हे, उशीर.

मधल्या वेळात लसी, हगवण, गालगुंड. त्यात एक डाउन सिंड्रोमचं नवं बाळ. अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, म्हणून आवाज येवो न येवो, इको सांगितलाच.

दुपारी २

जेवण आणि कागद. डब्यात पोळी-भाजी, शेजारी पन्हं, आणि समोर भिंडकरांची पिशवी.

इथल्या मुलाच्या हृदयाचा अर्धा उपचार कागदावर होतो. गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ सालचं, कमलाराजा रुग्णालयात मुलांचा विभाग. माझं शिक्षण तिथलंच. पण तान्ह्या बाळाचं हृदय उघडायचं म्हटलं, की मी दिल्लीच्या एम्सला नाहीतर पलवलला पाठवते. हरियाणातलं पलवल आपल्या दिल्लीच्या गाडीच्या वाटेवरच, मथुरेच्या पुढे. तिथल्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते. बिलाची खिडकीच नाही. अशीच त्यांची रुग्णालयं नया रायपूरला आणि नव्या मुंबईत खारघरला आहेत. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे, आयुष्मान कार्ड आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाला : त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि दोष सापडला तर पुढच्या उपचाराचा खर्चही कार्यक्रमातून होतो. पैशावाचून मूल गेलं असं म्हणायची पाळी आता फारशी यायला नको. येते ती राज्याच्या समग्र आयडीतलं आईचं नाव आधारपेक्षा वेगळं निघाल्यामुळे.

या बाळाच्या जन्मदाखल्यावर नावच नाही. नामकरण सव्वा महिन्याला ठरलं होतं, तेव्हा ते दवाखान्यात होतं. बापाला म्हटलं, आज नाव ठेवा, समारंभ नंतर. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने क्षणभर विचार केला आणि नाव सांगितलं. मी ते रेफरल चिठ्ठीवर लिहून टाकलं.

दुपारी ४

इकोची खोली. आमच्या कामातला हा एकच थंड कोपरा. रडतं बाळ इकोत दिसत नाही, म्हणून कोणाला आईच्या दुधावर, कोणाला ट्रायक्लोफॉसच्या थेंबांवर झोपवतात. पडद्यावर लाल-निळे रंग धावू लागले, की नातेवाईक 'खराब खून' म्हणून निळ्याकडे बोट दाखवतात. तसं नाही. लाल म्हणजे यंत्राकडे येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. भिंडच्या बाळाचं भोक मोठं निघालं, डावा कप्पा फुगलेला. पलवलला सगळ्या चित्रफिती पाठवल्या.

त्यानंतर माधवगंजातलं चौदा महिन्यांचं मराठी बाळ, निदान आधीच झालेलं : फॅलोचा चतुष्क दोष. खालच्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडचा रस्ता अरुंद, महारोहिणी भोकावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड. मार्सेच्या एत्येन फॅलोने १८८८ साली या चार गोष्टी एकत्र मांडल्या. उपाय मात्र १९४४ पर्यंत नव्हता. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या नळीला जोडली. कल्पना हेलन टॉसिग यांची, आणि प्रयोगशाळेत ती आधी करून पाहणारे हात व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाचे; त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. आमचं कॉलेज सुरू झालं तेव्हा ही शस्त्रक्रिया जेमतेम दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी मुलाचं हृदय उघडून आतलं भोक शिवलं. त्या वेळी मुलाचं रक्त शुद्ध करून फिरवणारं यंत्र म्हणजे शेजारी झोपवलेला त्याचा बाप. बाळाच्या आजोबांना हे सांगितलं, तर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

आजी मात्र बोलल्या. "पाचव्या महिन्यात ग्रहण होतं. मी हिला दहादा सांगितलं, विळीला हात लावू नको." सून खाली मान घालून बसलेली. अशा वेळी मी सुनेशी नाही, सासूबाईंशी बोलते. "आजी, बाळाचं हृदय आठव्या आठवड्यापर्यंत घडून पुरं होतं. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने त्यात भोक पाडायचं तर त्याला मागे जावं लागेल." मग विचारलं, नवरा-बायको नात्यातले का? आतेभाऊ. जवळच्या नात्यातल्या लग्नात हृदयदोषाची शक्यता थोडी वाढते, आईच्या गरोदरपणाआधीच्या मधुमेहाने वाढते, पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बरीच वाढते. पण बहुतेक मुलांत एकही कारण हाताला लागत नाही. हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळं अशी असतात, सगळ्या देशांत, सगळ्या जातींत. विळीचा संबंध नाही. पुढच्या खेपेला अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाचा इको करा, हे सांगायला विसरले नाही.

शस्त्रक्रियेची तारीख जवळ आहे, पण मधे जून आहे, आणि निळ्या मुलाला लू सगळ्यांत वाईट. ऑक्सिजन कमी म्हणून अशा मुलांचं रक्त दाट असतं. पाणी तुटलं की आणखी दाट होऊन मेंदूत गुठळी अडकू शकते. इतर मुलांत साधी वाटणारी हगवण इथे तातडीची. पाणी आणि ओआरएस सारखं चालू, दुपारी बाहेर नाही. रडता रडता बाळ एकदम काळंनिळं पडलं तर गुडघे छातीशी दुमडून धरायचे, आणि तसंच घेऊन दवाखाना गाठायचा. आईने बाहुलीवर करून दाखवलं, दोनदा, न चुकता. हिमोग्लोबिन १२ बघून घरच्यांनी लोहाचं औषध बंद केलं होतं. ते पुन्हा चालू केलं. निळ्या मुलाला बारा म्हणजे कमीच.

संध्याकाळी ७

माझा स्वतःचा दवाखाना, दौलतगंजात. ऊन उतरल्यावर बाजार उघडतो तशी गर्दीही. बरेच जण शस्त्रक्रिया होऊन गेलेले. छातीवर उभा व्रण असलेला एक बारा वर्षांचा मुलगा येतो तो फक्त दात दाखवायला, असं तो स्वतःच म्हणतो. खरं आहे. दुरुस्त झालेल्या काही हृदयांतही किडक्या दातांतून गेलेले जंतू झडपेवर वसू शकतात; म्हणून ब्रश दोनदा, आणि दाताच्या मोठ्या कामाआधी मला विचारायचं, अँटिबायोटिक द्यायचं का ते.

शेवटी नऊ वर्षांची मुलगी, शाळेच्या तपासणी पथकाने जानेवारीत शोधलेली. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. हिला काही त्रास नाही. हा दोष लहानपणी गप्प असतो आणि तिशीत धाप, धडधड घेऊन येतो. भोकाच्या कडा चांगल्या असल्याने जांघेतल्या शिरेतून छत्री टाकून बंद होईल, छाती उघडायला नको. तरी पाच महिने घर हललेलं नाही. आज काका आले होते. "मॅडम, आत्ता चांगली खेळते. लग्नानंतर बघू. आत्ता केलं तर नाव फुटेल." धाकट्या भावाच्या साध्या तापाला हेच घर रात्री अकराला दार वाजवतं. हे फक्त चंबळचं नाही. एम्सच्या हृदयविभागातला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलांमध्ये मुलींची शस्त्रक्रिया प्रत्यक्षात बरीच कमी झाली होती.

मी काकांशी वाद घातला नाही. मागे बसलेल्या एका बाईंना हाक मारली. लग्न झालेल्या, आपल्या बाळाच्या लशीसाठी आलेल्या. त्यांचं भोक सातव्या वर्षी बंद झालं होतं. त्या काकांशी दहा मिनिटं बोलल्या. मी नुसती ऐकत होते. काकांनी तारीख घेतली.

तेव्हा लष्करातल्या आणि बाहेरच्याही वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातलं मूल हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ठणठणीत मोठं झालं असेल, तर ते लपवू नका. जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे आपलं नाव आणि फोन देऊन ठेवा, आणि बोलावलं की या. विशेषतः मुलगी असेल तर जरूर या.